रंगाचं शेवटी बघू

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नवीन विमानं कधी येणार याच्याशी माझा काडीचा संबंध नाही, तरी गेली कित्येक वर्षं ती बातमी दिसली की मी सोडत नाही. बायको म्हणते, बोइंगवाले पगार देतात का तुला? देत नाहीत, आणि सध्याची त्यांची अवस्था बघता मागायलाही लाज वाटेल. पण या प्रकरणात वाचायला मजा येईल असं सगळं आहे. मोठी माणसं, मोठे आकडे, घासाघीस, कोर्टकचेरी, टकीलाच्या रिकाम्या बाटल्या, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे रंग कुठला द्यायचा यावरून भांडणं. विमान अजून तयार नाही, रंग मात्र ठरून, मोडून, परत ठरून झालाय.

राष्ट्राध्यक्ष ज्या दोन निळ्या-पांढऱ्या जंबोंमधून इतकी वर्षं फिरतायत त्या 1990 पासून सेवेत आहेत. ऑर्डर रेगन यांच्या काळातली, आतली सजावट त्यांच्या पत्नी नॅन्सीबाईंच्या पसंतीची, आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिल्यांदा त्यात बसले ते थोरले बुश. कारण तेव्हाही उशीरच झाला होता, आणि तेव्हाही घोळ मुख्यतः वायरिंगचा होता. एकेका विमानात 238 मैल, म्हणजे 380 किलोमीटरच्या वर वायर आहे, आणि ती साधी वायर नाही, अणुस्फोटानंतरच्या विद्युतचुंबकीय लहरींनी आतली यंत्रणा जळू नये म्हणून तिला वेगळं कवच. अशी वायर ओढणं, ती कुठून कुठे गेली त्याचा कागद ठेवणं, एक चुकली की तिच्यासोबत आणखी शंभर उकलणं, यात महिनेच्या महिने जातात हे बोइंगला त्या वेळीच कळलं होतं. कळलं होतं म्हणजे निदान कळायला पाहिजे होतं.

तर आता ही विमानं म्हातारी झालीत. 747 च्या त्या जुन्या मॉडेलची विमानं जगात फारशी कुणी उडवत नाही, त्यामुळे सुटे भाग मिळायची मारामार आणि देखभालीचा खर्च दरवर्षी वर. 2015 च्या जानेवारीत हवाई दलाने जाहीर केलं की नवी विमानं 747-8 असणार. यात आश्चर्य काही नव्हतं, चार इंजिनांचं, अमेरिकेत बनलेलं, एवढ्या आकाराचं दुसरं विमानच नव्हतं. गिऱ्हाईक एक, दुकानदार एक. अशा ठिकाणी भाव कसा ठरतो ते आपल्याला माहिती आहे.

मग 6 डिसेंबर 2016 ला, अजून शपथ पण घेतली नव्हती तेव्हा, ट्रम्प यांनी सकाळी सकाळी ट्वीट टाकलं की बोइंग नवीन एअर फोर्स वन, म्हणजे राष्ट्राध्यक्षाचं विमान, बनवतंय, खर्च हाताबाहेर गेलाय, 4 अब्ज डॉलरच्या वर, ऑर्डर कॅन्सल करा! बोइंगचा शेअर लगेच थोडा घसरला, कंपनीचा त्या वेळचा बॉस भेटीला धावला, आणि मग वर्षभर घासाघीस चालली. 2018 च्या जुलैत करार झाला तो 390 कोटी डॉलरला, दोन विमानं, फिक्स किंमत, डिलिव्हरी 2024 च्या अखेरपर्यंत. ट्रम्प सगळीकडे सांगत सुटले की बघा मी किती पैसे वाचवले.

मला त्या माणसाबद्दल फार प्रेम नाही, पण घासाघीस केली म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. 4 अब्ज हे महागच आहे हो. प्रश्न एवढाच की किंमत खाली आणली तेव्हा कामाची यादी किती खाली आली? थोडी आली. हवेतल्या हवेत इंधन भरायची सोय काढून टाकली, जी जुन्या विमानांत आहे. आणि विमानं कोरी न घेता बनून पडलेली घेतली. ही विमानं ट्रान्सएरो नावाच्या रशियन कंपनीसाठी बनली होती. ती कंपनी 2015 मध्ये बुडाली, आणि विमानं कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलच्या वाळवंटात झाकून ठेवलेली होती. म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचं विमान मुळात मॉस्कोहून टुरिस्ट न्यायला बनलेलं. हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

पण बाकीची यादी तशीच राहिली. क्षेपणास्त्रापासून बचाव, जगात कुठूनही गुप्त बोलणं, ऑपरेशन करता येईल अशी वैद्यकीय खोली, राष्ट्राध्यक्षाचं ऑफिस, दोन मोठी स्वयंपाकघरं, पत्रकारांची जागा, आणि अणुयुद्ध सुरू झालं तरी इथून देश चालवता आला पाहिजे. फ्लॅटचं इंटिरियर ज्यांनी करून घेतलंय त्यांना पुढचं सांगायलाच नको. कॉन्ट्रॅक्टरला तुम्ही दाबून दाबून फिक्स रेटवर आणलंत की तो हो म्हणतो, हसत हसत म्हणतो, आणि मग सुतार येईनासा होतो.

इथेही सुतारच आला नाही. आतलं काम टेक्सासमधल्या जीडीसी टेक्निक्स नावाच्या कंपनीकडे दिलेलं. 2021 च्या एप्रिलमध्ये बोइंगने त्यांचं काम काढून घेतलं, कोर्टात केस टाकली, उशीर तुमच्यामुळे झाला म्हणून. ते म्हणाले आमच्यामुळे कसला, तुमच्याच नियोजनामुळे, आणि लगोलग दिवाळखोरीत गेले. मध्ये कोविड. शिवाय या विमानाला हात लावणाऱ्या माणसाला खास सुरक्षा मंजुरी लागते, म्हणजे नुसता चांगला मेकॅनिक असून भागत नाही, त्याच्या सात पिढ्या तपासून झाल्या पाहिजेत. तशी माणसं सॅन अँटोनिओत, जिथे हे काम चाललंय, पुरेशी मिळेनात. जीएओ म्हणजे तिथलं कॅग, त्यांच्या अहवालात माणसांच्या तुटवड्याचं हे रडगाणं पुन्हा पुन्हा येतं. आणि इतकी तपासून घेतलेली माणसं असताना 2021 च्या सप्टेंबरात बातमी आली की त्यातल्या एका विमानात टकीलाच्या छोट्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. कुणी प्यायली, कधी प्यायली, याचा तपास सुरू झाला. मला त्या पिणाऱ्याचं थोडं कौतुकच वाटलं.

फिक्स किंमत असल्यामुळे वरचा सगळा खर्च बोइंगच्या अंगावर. एका तिमाहीत 31.8 कोटी डॉलर तोटा, मग पुढच्या वर्षी एका तिमाहीत 66 कोटी, मग आणखी, असं करत करत एकट्या या कामात 2 अब्ज डॉलरच्या वर तोटा त्यांनी हिशोबात दाखवलाय. 2022 च्या एप्रिलमध्ये बोइंगचे तेव्हाचे प्रमुख डेव्ह कॅल्हून यांनी कबूलच केलं की ती वेळ वेगळी होती, ती बोलणी वेगळी होती, आणि ती जोखीम बहुधा आम्ही घ्यायला नको होती. एवढ्या मोठ्या कंपनीच्या माणसाने 'बहुधा' म्हणणं म्हणजे आपल्याकडे कपाळावर हात मारून घेणं.

आता कुणाला वाटेल की मग सरकारचं तर बरंच झालं की, तोटा कंपनीचा. पण तसं होत नाही. किंमत घासली ती पैशात, वसूल झाली ती वर्षांत. 2024 चं 2026 झालं, 2027 झालं, मध्येच 2029 ऐकू यायला लागलं. आणि तोवर जुनी विमानं चालू ठेवायचा खर्च कुणाचा? सरकारचाच. तो 390 कोटींत धरलेला नव्हता.

शिवाय या विमानाभोवती जे सुटे सुटे खर्च आहेत ते वेगळेच. जुन्या विमानांतले खाणं थंड ठेवायचे दोन फ्रिज बदलायचे होते, 2017 च्या शेवटी त्याचं कंत्राट निघालं जवळजवळ 2 कोटी 40 लाख डॉलरचं. दोन फ्रिज! त्यात 3000 जेवणं मावली पाहिजेत, आठवडेच्या आठवडे बाहेरून सामान न भरता माणसं जगली पाहिजेत, म्हणून घरचा फ्रिज चालत नाही हे मान्य, पण तरी. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की विमानंच बदलायची आहेत तर फ्रिज कशाला, मग ते रद्द केलं. नंतर 2020 मध्ये नवीन विमानांच्या मॅन्युअलसाठी 8 कोटी 40 लाख डॉलर. लाखाच्या वर पानं आहेत म्हणे. नेहमीच्या 747-8 ची पुस्तकं घ्यायची आणि त्यात या विमानाचे बदल घालायचे. मला हा खर्च फ्रिजपेक्षा जास्त पटतो, कारण वायर कुठून गेली ते ज्या पुस्तकात लिहिलंय ते पुस्तक चुकलं तर पुढची 30 वर्षं तिथले मेकॅनिक शिव्या घालणार.

आकड्यांवरून आठवलं. 2010 च्या नोव्हेंबरात ओबामा मुंबईला आले होते, ताजमध्ये उतरले होते. तेव्हा मणिभवनच्या आवारातल्या झाडांवरचे नारळ काढून टाकले होते, राष्ट्राध्यक्षांच्या डोक्यात पडायला नकोत म्हणून, आणि आमच्या ऑफिसात आठवडाभर तोच एक विषय. पण त्याहून मोठी गंमत आकड्याची झाली. महाराष्ट्र सरकारमधल्या कुणा अधिकाऱ्याच्या हवाल्याने, नाव नाही गाव नाही, बातमी सुटली की या दौऱ्यावर अमेरिका दिवसाला 20 कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे 900 कोटी रुपये खर्च करतेय. ती इथून उडाली ती थेट अमेरिकेतल्या टीव्हीवर. तिथले विरोधक नेते तावातावाने तो आकडा सांगायला लागले, सोबतीला 34 युद्धनौका आल्यात अशी पुरवणी जोडली गेली, आणि व्हाइट हाऊसला, पेंटागॉनला बाहेर येऊन सांगावं लागलं की बाबांनो असं काही नाही. अफगाणिस्तानातल्या युद्धाचाच खर्च तेव्हा दिवसाला साधारण तेवढा होता. राष्ट्राध्यक्षाच्या विमानाचा विषय आला की माणूस कुठलाही आकडा गिळतो, कारण खरे आकडेच इतके अचाट असतात की खोटा ओळखू येत नाही. (आपल्याकडची व्हीव्हीआयपींसाठीची दोन 777 आली 2020 मध्ये, किंमत 8400 कोटी रुपये अशी बातम्यांत फिरली, त्यावर रणकंदन झालं. रंगावर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. पांढरं विमान, भारत, इंडिया, तिरंग्याचा पट्टा, संपलं.)

अमेरिकेत रंगाचं इतकं का, ते मला डेटनला गेल्यावर समजलं. माझी ताई ओहायोत असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा भावोजी हवाई दलाच्या म्युझियममध्ये घेऊन गेले. एंट्री फुकट. तिथे एसएएम 26000 उभं आहे, केनेडींचं बोइंग 707, आणि त्यात आत जाता येतं. आत म्हणजे पॅसेज इतका चिंचोळा की एका माणसाने पोट आत घेऊनच जायचं, दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लॅस्टिकच्या भिंती, पलीकडे खुर्च्या, टेबलं, जुने फोन. मागच्या बाजूला गेलं की एक जागा येते जिथे 22 नोव्हेंबर 1963 ला, केनेडींचा खून झाला त्या दिवशी, खुर्च्या काढून, पार्टिशन करवतीने कापून शवपेटी ठेवायला जागा केली होती. त्याच विमानात पुढे उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली होती, त्या गर्दीच्या फोटोत शेजारी केनेडींच्या पत्नी जॅकलीनबाई उभ्या आहेत. भावोजी इंजिनिअर माणूस, ते छताकडे बघत वायरिंग कसं नेलंय ते शोधत होते. मी बाहेर आल्यावर बराच वेळ रंग बघत उभा राहिलो. नाकावर गडद निळा, मग फिकट आकाशी पट्टा शेपटीपर्यंत, वर पांढरं, खाली घासून चकचकीत केलेला उघडा धातू, आणि मोठ्या, नीट सुट्या सुट्या अक्षरांत देशाचं नाव. कुणाचं नाव नाही, हवाई दलाचं ठळक काही नाही, फक्त देश.

हे काम रेमंड लोवी यांचं. कोकची मशिनं, रेल्वेची इंजिनं, सिगारेटची पाकिटं असल्या सगळ्या वस्तूंना रूप देणारा डिझायनर. त्याआधी राष्ट्राध्यक्षांच्या जेटवर नारिंगी-लाल पट्टे आणि काळी अक्षरं होती, लोवींना ती भडक वाटली आणि त्यांनी ओळखीतून ते वरपर्यंत पोचवलं. मग 1962 मध्ये ओव्हल ऑफिसच्या जमिनीवर बसून, रंगीत कागद कापून, राष्ट्राध्यक्ष आणि डिझायनर दोघांनी हे ठरवलं असं लोवी सांगायचे. यातली खरी गंमत ही की केनेडींनी जे डिझाइन उचललं ते मुळात लाल-सोनेरी होतं. म्हणाले, हेच, पण निळ्यात करा, मला निळा आवडतो. म्हणजे 60 वर्षं ज्याला परंपरा परंपरा म्हणून कवटाळलं ती एका माणसाची आवड होती. त्याचा खून झाला, आणि त्याच विमानातून त्याचा देह आला, म्हणून तो रंग देशाचा झाला. नाहीतर पुढच्याच कुणीतरी बदलला असता, असं आपलं मला वाटतं.

ट्रम्प यांना तो 'बेबी ब्लू' वाटला. 2018 मध्ये त्यांनी मुलाखतीत सांगून टाकलं की लाल, पांढरा, निळा होणार, आणि 2019 मध्ये टीव्हीवर चित्रंच दाखवली. वर पांढरं, मध्ये लाल पट्टा, खाली पोटाला गडद नेव्ही ब्लू. लोक म्हणाले हे तर त्यांच्या स्वतःच्या खासगी 757 सारखं दिसतंय, आणि दिसतंच. संसदेतल्या एका समितीने तर रंग बदलायला आमची परवानगी लागेल अशी दुरुस्ती पण पास केली. आता प्रामाणिकपणे सांगतो, ते डिझाइन वाईट नव्हतं. जरा एअरलाइनसारखं होतं एवढंच. लोवींच्या विमानाकडे बघताना तिकिटाचा विचार मनात येत नाही, याच्याकडे बघताना येतो.

पण ते मागे पडलं ते आवडीनिवडीवरून नाही, निदान सरकारी कागदावर तरी नाही. 2022 मध्ये बाहेर आलं की हवाई दलाने उष्णतेचा अभ्यास केला होता, आणि त्यात दिसलं की पोटाला एवढा गडद रंग दिला तर ऊन शोषून तिथली यंत्रं जास्त तापतील. विमानातल्या प्रत्येक डब्याला, प्रत्येक फॅनला, प्रत्येक कार्डाला अमुक तापमानापर्यंत चालेल असं सर्टिफिकेट असतं. ते मूळ 747-8 साठी घेतलेलं, आणि मूळ 747-8 बहुतेक पांढरी. गडद रंग म्हणजे त्यातल्या कित्येक वस्तू परत तपासायच्या, एफएएची, म्हणजे तिथल्या विमान नियामकाची, परत मंजुरी, परत वेळ, परत पैसे. रंग हा सगळ्यात वरचा, सगळ्यात स्वस्त थर, असं आपण धरून चालतो, आणि तो आतल्या फॅनपर्यंत जाऊन पोचतो. भावोजींना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अरे मग! काळी गाडी उन्हात लावून बघ." इंजिनिअरांना कशाचंच नवल नसतं.

मग 2023 च्या मार्चमध्ये बायडेन यांनी ठरवलं की लोवींचाच नमुना ठेवायचा, निळा किंचित गडद, जरा आजचा वाटेल असा. पोटाचा चकचकीत धातू मात्र गेला, कारण आजच्या विमानांच्या पत्र्याचा मिश्रधातू तसा उघडा ठेवता येत नाही. मला त्या धातूची हळहळ वाटली. डेटनला त्याच्यात खालच्या फरशीवरची माणसं उलटी दिसत होती.

आणि मग बायडेन गेले, ट्रम्प परत आले, आणि ओव्हल ऑफिसच्या टेबलावर ते लाल-निळं मॉडेल विमान पण परत आलं.

दुसऱ्या खेपेला आल्यावर त्यांनी बघितलं की आपण 2018 मध्ये सही केलेलं विमान अजून सॅन अँटोनिओतच आहे. चिडणारच. इथे मला त्यांची थोडी कीव येते. रेगन यांनी मागवलेल्या विमानात बुश बसले, आणि यांनी मागवलेल्यात कोण बसणार ते देव जाणे. चार वर्षांची मुदत असलेला माणूस दहा-बारा वर्षांच्या वस्तूची ऑर्डर देतो, म्हणजे पेरणी एकाची आणि मळणी दुसऱ्याची. त्याच्या हातात त्या विमानातलं काय उरतं? रंग. वायरिंगबद्दल राष्ट्राध्यक्षाला मत असू शकत नाही, रंगाबद्दल असतं, आणि ते कॅमेऱ्यासमोर सांगता येतं. म्हणून ही सगळी भांडणं तिथे.

2025 च्या फेब्रुवारीत ट्रम्प पाम बीचच्या विमानतळावर उभं असलेलं कतारच्या राजघराण्याचं 747-8 बघून आले. मे महिन्यात कतारने ते भेट दिलं आणि संरक्षण खात्याने घेतलं. किंमत सुमारे 40 कोटी डॉलर सांगतात. फुकट मिळालेलं विमान, आणि ते सुरक्षित करायला हवाई दलाच्या सचिवांच्या म्हणण्यानुसार 40 कोटींच्या आत खर्च. म्हणजे कमी काय, जवळजवळ तेवढाच! त्यावर नैतिकतेचा जो गदारोळ झाला तो झाला, योग्यच होता, दुसऱ्या देशाच्या राजाकडून विमान घेणं हे काही मिठाईचा बॉक्स घेण्यासारखं नाही. पण मला जास्त खटकलं ते हे की जे काम बोइंगला इतक्या वर्षांत उरकेना ते इथे वर्षभरात कसं होणार? एकतर यादी छोटी केली असणार, नाहीतर बोइंगची यादी उगाच लांब होती. दोन्ही उत्तरं कुणाला तरी अडचणीची आहेत, म्हणून कुणी देत नाही.

तोवर 747 बनणंच थांबलंय. शेवटचं, 1574 वं, 2023 च्या जानेवारीअखेर अॅटलस एअरला दिलं आणि कारखान्यातली ती लाइन बंद. त्यामुळे आता सुटे भाग हवेत तर आख्खी विमानंच विकत घ्यायची. 2025 च्या डिसेंबरात बातमी आली की हवाई दल लुफ्तान्साकडून दोन जुनी 747-8 घेतंय, दोन्ही मिळून साधारण 40 कोटी डॉलर, एक ट्रेनिंगला आणि एक खोलून भाग काढायला. जी विमानं अजून आलीच नाहीत त्यांच्यासाठी भंगारातली विमानं आधी हजर.

त्याच महिन्यात नवी तारीख पण आली. पहिलं विमान 2028 च्या मध्यावर. ट्रम्प यांची मुदत संपते 20 जानेवारी 2029 ला, म्हणजे सगळं वेळेवर झालं तर सहा-सात महिने त्यांना मिळतील. कतारवालं विमान तर नंतर आपल्या प्रेसिडेन्शियल लायब्ररीला, म्हणजे आपल्या नावाच्या संग्रहालयाला, जाईल असं त्यांनीच सांगून ठेवलंय. भावोजी परवा म्हणाले, लाव पैज 2028 वर. मी नाही लावली. पण पुढचा जो कुणी येईल, तो किंवा ती, पहिल्या वर्षाच्या आत रंगाचा विषय काढणार यावर मी ताईच्या हातच्या पुरणपोळ्या लावायला तयार आहे, आणि भावोजी त्याला काही तयार झाले नाहीत.